गोदामातला पाळणा

पहिल्या तासाला फळ्यावर तारीख लिहिताना खडू हातातून पडला. वाकून उचलला, पुन्हा पडला. पहिल्या बाकावरची मुलगी तो उचलून द्यायला उठली, तर मी तिच्यावरच खेकसले, "बस खाली!" मग वर्गाकडं पाठ करून कोरडा फळा उगाच पुसत उभी राहिले. बोटं मिटत नव्हती. रात्रभर कुणी तरी सांध्यांत वाळू भरून ठेवल्यासारखी ती ताठली होती, आणि हे मुलांना दिसू नये असं वाटत होतं.

मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. त्याआधी सर्दी-ताप सोडला तर दवाखान्याची पायरी चढायचा प्रसंग फारसा आला नव्हता. त्यानंतरची अडीच वर्षं मी पायऱ्याच चढत होते.

पहिले डॉक्टर म्हणाले, चिकुनगुन्याचा उरलेला त्रास आहे. मी म्हणाले, मला चिकुनगुन्या झालाच नव्हता. "झाला असेल, कळला नसेल," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं. तिसऱ्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडं बघत विचारलं, "घरात काही टेन्शन वगैरे?" दुखत होतं मला, तोंडही होतं मला, पण प्रश्न त्याला. तो भला माणूस. गोंधळून म्हणाला, "नाही, तसं काही नाही." मग गालांवर लाल चट्टे आले. त्वचेच्या डॉक्टरांनी वांग म्हणून मलम दिलं. केस गळायला लागले तेव्हा शेजारणीनं तेल दिलं. प्रत्येकानं माझा एकेक तुकडा बघितला आणि आपापल्या तुकड्याचं औषध दिलं.

सगळ्यांत वाईट होतं ऊन. नांदेडचं ऊन काही नवीन नव्हतं मला, पण आता प्रार्थनेला मैदानावर दहा मिनिटं उभी राहिले की संध्याकाळी ताप भरायचा आणि दुसऱ्या दिवशी अंग उचलत नसे. मुख्याध्यापकांना व्हरांड्यात उभं राहायची परवानगी मागितली. ते हसून म्हणाले, "मॅडम, ऊन सगळ्यांनाच लागतं." शिक्षकांच्या खोलीत मी नाजूक झाल्याची चर्चा सुरू झाली. मी स्कार्फ बांधून, बाह्या मनगटापर्यंत ओढून मैदानावर उभी राहत राहिले. त्या वर्षी माझ्या सगळ्या रजा संपल्या.

शेवटी आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं की त्यांच्या नणंदेला असंच होत होतं आणि लातूरला संधिवाताच्या एक डॉक्टरीण बाई आहेत. सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत मी आणि नवरा लातूरला गेलो. डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी माझं एकेक बोट हातात घेऊन दाबून पाहिलं, मग विचारलं, "तोंडात आतून फोड येतात? न दुखणारे?"

"येतात."

"केस उशीवर सापडतात?"

"हो."

"उन्हात गेल्यावर जास्त होतं सगळं?"

मला एकदम रडू आलं. अडीच वर्षांत हे तीन प्रश्न एकत्र कुणी विचारले नव्हते.

रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या झाल्या. पुढच्या खेपेला निकाल आला. आजाराचं नाव ल्युपस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीराला परकं समजून त्याच्यावर चालून जाते, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलवत होते. रोगप्रतिकारशक्ती तर मी दरवर्षी वर्गात शिकवते. फळ्यावर पेशींची चित्रं काढते. मी विचारलं, "बरा होईल ना?" त्या म्हणाल्या, "आटोक्यात राहील. गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. ऊन टाळायचं. दर तीन महिन्यांनी तपासणी. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल." परतीच्या बसमध्ये मला आधी हायसं वाटलं, कारण दुखण्याला नाव मिळालं होतं. पण अहमदपूर येईपर्यंत संताप चढला. जी रक्ताची तपासणी बाईंनी लिहून दिली होती, ती पहिल्याच डॉक्टरला लिहून देता आली असती. तेवढी एक ओळ लिहायला कुणाचं काय जात होतं?

तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाईंनी फाईलवरून नजर न उचलता विचारलं, "तुमचं लहानपण शेतात गेलं का? घरी फवारणी वगैरे?"

"नाही, आमची शेती नव्हती. दुकान होतं."

"कशाचं?"

"औषधांचं," मी म्हणाले. आमच्याकडं पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. त्यांना वाटलं मेडिकल स्टोअर. म्हणून मी पुढं म्हणाले, "फवारणीच्या औषधांचं. बी-बियाणं, खतं, कीडनाशकं. आम्ही दुकानाच्या मागंच राहायचो."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला सविस्तर सांगायला लावलं.

आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या वाटेवर. बाजाराचं गाव आहे. अर्धी गिऱ्हाइकं मराठी बोलणारी, अर्धी कन्नड. आमच्या घरातही आईला अव्वा म्हणतात आणि वडिलांना अप्पा. अप्पा सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून दुकानात बसत ते दिवेलागणीपर्यंत. पुढं दुकान, मधे गोदाम, मागं पत्र्याच्या दोन खोल्या, अशी रचना. घरातून दुकानात जायचं तर गोदामातूनच जावं लागे.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोल्या भट्टीसारख्या तापत. गोदामाच्या भिंती दगडी, खाली शहाबादी फरशी, वर मातीचं जाड माळवद आणि खिडकी नाही. तिथं गारवा असे. म्हणून अव्वानं मला दुपारी तिथं निजवायला सुरुवात केली. तुळईला साडीची झोळी बांधली होती. दोन्ही बाजूंना पोत्यांच्या आणि खोक्यांच्या थप्प्या, मधे मी. मुंग्या येऊ नयेत म्हणून झोळीखाली फरशीवर पांढऱ्या बीएचसी पावडरीचं, म्हणजे कीडनाशकाचंच, गोल रिंगण आखलेलं असे. हे मला आठवत नाही, अव्वानं सांगितलेलं आहे. ती ते कौतुकानं सांगायची, "एक मुंगी चढू दिली न्हाई तुला."

मला आठवतं ते पुढचं. ती पावडर तेव्हा पोत्यानं यायची आणि सुटी विकली जायची. अप्पा तराजूनं तोलून द्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधायची. मी सात-आठ वर्षांची असेन. माझी पुडी कधी सुटत नसे. अप्पा गिऱ्हाइकाला दाखवत, "बघा, लेकीनं बांधलीय." हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे. ते मी परकराला पुसायची. डब्यांवरचे, विष किती जहाल ते सांगणारे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण बघून मी रंग शिकले. रिकामे पत्र्याचे डबे सोड्यानं धुऊन अव्वा त्यात डाळी भरायची. शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या दप्तराला वास येतो. मला त्यात लाज वाटत नव्हती. तो आमच्या दुकानाचा वास होता.

आणि मला राग येतो तो या गोष्टीचा की अप्पा निष्काळजी नव्हते. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "तोंडाला रुमाल बांध. वाऱ्याच्या उलट्या दिशेनं मारू नको. लेकराबाळांपासून लांब ठेव." चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवत. बोलताना त्यांच्या पाठीमागं, दहा पावलांवर, त्यांचं स्वतःचं लेकरू झोळीत निजलेलं असे. ते दुकान आणि हे घर, असं त्यांच्या डोक्यात वेगळं होतं. मधल्या गोदामाचा विचार कुणीच केला नाही. शेतीखात्याचे साहेब तपासणीला यायचे, गोदामात खुर्ची टाकून चहा प्यायचे. त्यांनाही झोळी दिसत असणारच.

हे सगळं ऐकून डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "लहान वयात अशा रसायनांच्या सहवासात राहिलेल्यांमध्ये पुढं असे आजार जास्त दिसतात, असं काही अभ्यासांमधून पुढं आलंय."

"म्हणजे माझा त्यामुळंच झाला?"

"तसं मी म्हणू शकत नाही. बायकांना हा आजार मुळातच जास्त होतो. थोडं आनुवंशिक असतं, थोडं आजूबाजूचं, थोडं काय ते अजून आम्हालाही ठाऊक नाही."

"त्याची काही तपासणी?"

"इतक्या वर्षांनी रक्तात काही सापडलं तरी त्यावरून हा आजार त्यानंच झाला असं सिद्ध होत नाही."

त्यांनी मला खोटं सांगितलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण तेव्हा मला त्यांचाही राग आला. इतकी वर्षं मला प्रश्नच माहीत नव्हता. आता प्रश्न माझ्या हातात देऊन त्या म्हणत होत्या की उत्तर मिळणार नाही. मी हट्टानं म्हणाले, "निदान फाईलवर लिहा तरी." त्यांनी लिहिलं. कीडनाशकांच्या गोदामात बालपण, अशा अर्थाची एक ओळ.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले. माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आता दुकान तोच बघतो. पत्र्याच्या खोल्या पाडून त्यानं तिथं पक्कं घर बांधलं, दुकानाला काचेचं दार लावलं. गोदाम मात्र तेच, आणि अजून तसंच गार. दुपारी जेवणं झाल्यावर मी भाचीला हाक मारली. ती पाच वर्षांची आहे. "आत्या, मी हितं हाय!" असा आवाज गोदामातून आला.

ती खोक्यांच्या मधे चटई टाकून बसली होती. समोर भातुकली मांडलेली. कपबश्यांच्या जागी औषधांच्या बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं होती, आत मापाच्या रेघा असलेली. एका टोपणात पाणी घालून तिनं ते माझ्यापुढं केलं. "घे आत्या, चहा." आणि स्वतःचं टोपण ओठांना लावलं.

मी ते तिच्या हातातून हिसकावलं. इतक्या जोरात की ती घाबरून रडायला लागली. तिला उचलून मोरीवर नेलं, तोंड धुतलं, हात साबणानं घासले, पुन्हा घासले. घरातले सगळे धावत आले. भावजयीनं मुलीला माझ्याकडून घेतलं.

भाऊ म्हणाला, "काय झालं काय, अक्का?"

मी टोपणं दाखवली. "हे काय आहे? ही खेळणी आहेत?"

"अगं, धुतलेली हायत ती. आणि आता काय पयल्यासारखं सुटं राहतंय का? सगळं सीलबंद येतंय."

"सीलबंद येतं तर टोपणं कुठून आली?"

त्यानं एक टोपण उलटं करून पाहिलं. "गळक्या बाटल्या कंपनीकडं परत पाठवायच्या असत्यात, त्यांची असतील," तो पुटपुटला. मग मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. डॉक्टरीण बाईंनी काय विचारलं, मी काय सांगितलं, त्या काय म्हणाल्या. मला वाटत होतं की मी शांतपणे, वर्गात समजावते तसं सांगतेय. भावजय नंतर म्हणाली, तुम्ही ओरडत होता.

भावानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, त्याच झोळीत मी बी झोपलो. त्याच पुड्या मी बी बांधल्या. मला काय झालं? सांग की."

"सगळ्यांना होत नाही. बायकांना जास्त होतो. शिवाय—"

"म्हणजे नक्की न्हाई."

"नक्की नाही."

"मग?"

मी विज्ञान शिकवते. शक्यता म्हणजे काय आणि पुरावा म्हणजे काय, हे मुलांना उदाहरणं देऊन सांगते. बिड्या ओढणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही म्हणून बिडी चांगली ठरत नाही, हे मी दहावीच्या वर्गाला पटवून देऊ शकते. सख्ख्या भावाला ते पटवून देता आलं नाही. तो म्हणाला, "तू दवाखान्याचे कागद घेऊन येतीस आणि आमच्या धंद्याला नाव ठेवतीस. गावात कळलं तर लोक काय म्हणतील? याच दुकानावर तू शिकलीस ना?"

अप्पा इतका वेळ खुर्चीत बसून होते. आता त्यांचं वय झालंय, दुकानात नुसते बसायला जातात. ते म्हणाले, "मी तुला विष दिलं, असं सरळ म्हण की."

"अप्पा, मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणायलीस?"

त्यांना माहीत नव्हतं, हे मला मान्य होतं. पण बाकी कुणाला तरी माहीत असणार. ज्यांनी डब्यावर कवटी छापली त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ती इतकी बारीक का छापली? हे सगळं त्या वेळी सुचलं नाही.

तेवढ्यात अव्वा दारातून म्हणाली, "ती डोक्यातली पावडर बी त्यातलीच का गं?"

ते मी विसरूनच गेले होते. शाळेत असताना माझ्या डोक्यात उवा झाल्या की अव्वा तीच पावडर केसांत चोळून वर फडकं बांधायची. रात्रभर तसंच. सकाळी शिकेकाईनं डोकं धुवायची. गावात सगळ्याच आया हेच करत. आमच्या घरी पावडर घरचीच, म्हणून हात सढळ.

मी 'नाही' म्हणू शकले असते. पण माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हणाले, "हो. तीच."

अव्वा आत निघून गेली. मी दुसऱ्याच दिवशी नांदेडला परतले.

पुढचा महिनाभर अव्वाचा फोन आला नाही. मी केला की भावजय उचलायची आणि म्हणायची, त्या देवळात गेल्यात, त्या झोपल्यात. मला स्वतःची चीड येत होती. त्या चिडीचं काय करावं हे न कळून मी भलत्याच उद्योगाला लागले. माझ्या लहानपणी आमच्याकडं नेमकं काय काय विकलं जायचं, याची यादी मिळाली तर डॉक्टरीण बाईंना देता येईल, असं मनात आलं. अप्पांना विचारायची सोय राहिली नव्हती. म्हणून शेतीखात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "पिकाचं नुकसान झालंय का?"

"नाही."

"मग यादी कशाला पाहिजे?"

"माझ्या आजारासाठी."

"मग दवाखान्यात जा ना, बाई."

"दवाखान्यातूनच आलेय मी."

त्यानं मला दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं. दुसऱ्यानं अर्ज द्यायला सांगितलं. मी अर्ज दिला, दोनदा जाऊन विचारून आले. दोन्ही वेळा बाहेर उन्हात रांग होती आणि दोन्ही वेळा मी आजारी पडले. अखेर उत्तर आलं की एवढं जुनं काही उपलब्ध नाही. नवरा म्हणाला, "सोड आता. यादी मिळून तरी गोळ्या थोड्याच बदलणार आहेत?" तो बरोबर होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि एका गुरुवारी दुपारी दारात अव्वा. एकटी. हातात कापडी पिशवी. गावाहून निलंगा, तिथून लातूर, तिथून नांदेड, अशी दोनदा एसटी बदलून आली होती. याआधी ती कधी एकटी तालुक्याच्या पुढं गेली नव्हती. पाणी पिऊन म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरीण बाईकडं मला ने."

"तुला काय होतंय?"

"मला काय होतंय? ने म्हणलं की ने."

पुढच्या आठवड्यात माझी तपासणी होतीच. तोवर ती आमच्याकडं राहिली. भाकरी थापायची, माझे कपडे धुवायची, मला पिळू द्यायची नाही. त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

बाईंच्या खोलीत गेल्यावर अव्वा खुर्चीवर बसलीच नाही. पदर सावरून उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, हिच्या डोक्यात पावडर मी घातलीय. झोळी बी मीच बांधली होती गोदामात. हे माझ्यामुळं झालं का?"

बाई उठल्या. त्यांनी तिला हाताला धरून बसवलं. "आई, ती पावडर घालू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"ती घातक आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई. मुंगी चावू नये म्हणून घालायची मी."

"मग तुमचा दोष कसा?"

"दोषाचं न्हाई विचारत मी," अव्वा म्हणाली. "त्यानं झालं का न्हाई झालं, ते सांगा."

"त्यानं धोका वाढला असेल. पण त्यानंच झालं का, ते मला माहीत नाही."

अव्वा उठली. बाहेर आल्यावर, बसस्टँडवर केळी सोलता सोलता ती फणफणली, "एवढी शिकलेली बाई, आन् माहीत न्हाई म्हणती! मग शिकली कशाला?" मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. ती हसली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बारकीला अजून टाइम हाय ना?" बारकी म्हणजे माझी भाची. मी म्हणाले, "तिला जितकं लांब ठेवता येईल तितकं चांगलं. एवढं नक्की." अव्वा म्हणाली, "एवढं नक्की हाय ना? बास."

ती तिथूनच निलंग्याच्या बसमध्ये बसली.

पुढं जे झालं ते भावजयीनं मला फोनवर सांगितलं. भाऊ माल आणायला दोन दिवस लातूरला गेला होता. अव्वानं गल्लीतल्या गवंड्याला बोलावलं आणि घरातून गोदामात उघडणारं दार काढून तिथं विटा रचायला सांगितलं. गवंडी घाबरला. मालकाला विचारून करतो म्हणाला. अव्वा म्हणाली, "मालकीण मी हाय." अप्पा पडवीत बसून सगळं बघत होते. गवंड्यानं त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. संध्याकाळपर्यंत भिंत छातीपर्यंत आली, दुसऱ्या दिवशी दुपारी वरपर्यंत.

भाऊ परत आला आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं. आता त्याला घरातून दुकानात जायला गल्लीला वळसा घालून पुढच्या रस्त्यावरून जावं लागणार होतं. पावसात, उन्हात, जेवायला येताना-जाताना. तो भिंत पाडतो म्हणाला. अव्वा म्हणाली, "पाड. मग मी लेकीकडं नांदेडला जाते, कायमची." भिंत राहिली. आणि भावजय म्हणाली की नव्या भिंतीवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं ते अप्पांनी. बादली आणि तांब्या घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. माझ्याशी ते या विषयावर आजवर बोललेले नाहीत.

भावानं मला फोन केला तो भांडायलाच. "भिंत बांधून घेतलीस. आता झालीस खूश?"

मी खरं सांगितलं, "नाही." त्याच आठवड्यात माझ्या लघवीत प्रथिनं जास्त निघाली होती, गोळ्या वाढल्या होत्या, चेहरा सुजून वाटोळा झाला होता आणि नव्या मुख्याध्यापकांना पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं होतं. भिंतीनं मला काय मिळणार होतं? भिंत माझ्यासाठी नव्हतीच. मी त्याला हे सांगितलं. मग "काळजी घे" म्हणून त्यानं फोन ठेवला.

गेल्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. भावजयीला दिवस गेलेत. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "अक्का, वरच्या खोलीत बाळाला ठेवलं तर चालंल ना? भिंत हाय, पण वास तर वर येतोयच थोडा."

वास येतो हे त्यानं पहिल्यांदा कबूल केलं होतं. मी म्हणाले, "गोदाम गावाबाहेर ने. बाजार समितीच्या मागं गाळे आहेत ना? बाळ येईपर्यंत तुझ्या हातात पाच महिने आहेत."

"एवढं सोपं हाय का ते?"

"सोपं आहे असं मी म्हटलंच नाही."

"बघतो," तो म्हणाला.

आमच्या घरातलं 'बघतो' मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हापासून मी दर रविवारी, सकाळची गोळी घेतली की, त्याला फोन करते आणि विचारते, बघितलंस का? तो वैतागतो. "बघतो म्हणलं की, अक्का." मीही वैतागते. आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन करते.